एका कोयत्याला एक

८ फेब्रु., सोम.
हेल्मेटं आली एकदाची. पिवळीधमक. गाडीतून उतरवताना वाटलं, चला, आता आपल्या सेफ्टी सुपरवायझरपणाला काही तरी अर्थ आला. वाटायला बसलो तर निम्म्यातच संपली. सगळी बाप्यांच्या डोक्यावर. बायका तशाच पदर खोचून उभ्या.
देशमाने साहेबांकडे गेलो. इंजिनिअर आमचे. मान मोबाईलमधून वर न काढता म्हणाले, "मस्टरवर जेवढी माणसं, तेवढी मागवली." हजेरीचं मस्टर पाहिलं. कचरू आहे. कचरूची बायको मुक्ता नाही. एकाही बाईचं नाव नाही. मजूर आणणारा भागोजी मुकादम शेजारी तंबाखू मळत होता. म्हणाला, "बरोबर हाय की. एका कोयत्याला एक."
ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, तीच मोजणी मुकादमाने इथे लावली. औंदा दुष्काळाने ऊस जळाला, कारखान्याचा बॉयलर पेटला नाही, म्हणून पाटोद्याकडच्या या जोड्या त्याच कारखान्याचं गोदाम बांधायला आल्या. कोयते घरी राहिले, मोजणी सोबत आली.
मुक्ता परात खाली ठेवून म्हणाली, "सायेब, मानसं दोन आन् डोकं यकच व्हय?" सगळ्या हसल्या. मीपण हसलो. नंतर राग आला.

११ फेब्रु., गुरु.
दोघांनी आपसात तोड काढली. सकाळी हेल्मेट कचरूला, दुपारी मुक्ताला. मी चिडलो, "ते काय रेशन आहे का, वाटून घ्यायला?" कचरू परांचीवरून शांतपणे म्हणाला, "मंग यकच कावून दिलं?"
 कचरू वर सेंट्रिंगच्या लोखंडी प्लेटा ठोकणार, मुक्ता खालून परात देणार. वरचं सगळं खालीच येतं, एवढं कळायला शाळा लागत नाही. बायकांना हेल्मेटं मिळाल्याशिवाय गप्प बसणार नाही. लिहून ठेवतो, म्हणजे उद्या मलाच लाज वाटेल.

१२ फेब्रु., शुक्र.
पुन्हा साहेब. "मस्टरवर नसलेल्या माणसाला हेल्मेट कसं देऊ? नसलेल्याला डोकं नसतं, आठबोटे."
माझी दोन बोटं मिक्सरने खाल्ली, म्हणून कंपनीने मला सेफ्टीवर बसवलं. आठबोटे हे नाव मुकादमाने पाडलं. आता साहेबही तेच म्हणतात. माझं खरं आडनाव त्यांना आठवतं का, शंका आहे.

१७ फेब्रु., बुध.
टँकर आला. आधी खांबांना पाणी मारायचं, मग माणसांनी प्यायचं, असा हुकूम. खांब ओले गच्च, माणसं कोरडी. बायकांनी खांबांच्या हौदातलंच पाणी प्यायलं. संध्याकाळपर्यंत मुक्ता ओकून ओकून आडवी. मुकादम म्हणाला, "सिमिट पोटात गेलं, आता घट हुईल." आणि स्वतःच्याच विनोदावर खोकेपर्यंत हसला.
मी हौदावर पाटी लावली, 'हे पाणी पिऊ नये'. कचरूने पाटी बघून विचारलं, "काय लिवलंय?" सांगितलं. म्हणाला, "मंग कोंचं प्यावं, ते बी लिवा."

२२ फेब्रु., सोम.
मुक्ता कामावर आली. चेहरा चिपाडासारखा. राहवलं नाही, माझं हेल्मेट काढून दिलं तिला. दुपारपर्यंत साइटभर कुजबुज. मुकादम मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं: "आठबोट्याचं डोकं मुक्तीच्या डोक्यावर बसलं बे!" बाप्ये खिदळले. कचरू खाली मान घालून खिळे ठोकत राहिला.

२३ फेब्रु., मंगळ.
सकाळी कचरू हेल्मेट घेऊन खोलीवर. धुऊन आणलेलं. पाण्याची ही तंगी आणि यांनी हेल्मेट धुतलं. "तुमचं तुमाला, सायेब. राग नगा धरू." राग त्याच्यावर नव्हताच.

२ मार्च, बुध.
सुरक्षा सप्ताहाचा कार्यक्रम. कारखान्याचे चेअरमन आले, कंपनीचे कोणी पुण्याचे आले. फोटोत उघडं डोकं दिसायला नको म्हणून बायकांना वाळूच्या ढिगाआड बसवलं. बसवणारा मीच. साहेबांनी सांगितलं, मी बसवलं.
चेअरमन बोलले, "ऊस नसला म्हणून काय झालं, पाऊस येणार, साखर होणार, गोदाम भरणार." टाळ्या. मग मी शपथ दिली: मी माझ्या व सहकाऱ्यांच्या सुरक्षेची काळजी घेईन. ढिगाआडून बायकांनीपण म्हटली, सगळ्यांत मोठ्या आवाजात. पुण्याचे साहेब इकडेतिकडे बघायला लागले, आवाज कुठून येतोय म्हणून.
मला शाल मिळाली. या उन्हात शाल!

४ मार्च, शुक्र.
डोकं चाललं. मुकादमाच्या मोजणीत एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. अर्ध्यालाही हेल्मेट एकच मिळतं, अर्धं नाही. मग कचरू अर्धा, मुक्ता अर्धी, असं वेगवेगळं लिहिलं तर? हेल्मेटं दोन! सगळ्या जोड्यांचं असंच करायचं. साहेब मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाले, "मुकादम लिहून देत असेल तर मला काय." मुकादम आधी नाही म्हणाला, मग मिशीतल्या मिशीत हसून, "बाया हो म्हनत असल्या तर लिवतो." एवढा कसा सरळ झाला, नवल वाटलं. आज झोप लागेल.

५ मार्च, शनि.
बायकांना गोळा करून सांगितलं.  एकीने पदर तोंडाला लावला. शेवटी मुक्ता म्हणाली: "मला अर्धी लिवू नगा. नवरा जिता हाय माजा."
मी म्हटलं, अगं नुसतं कागदावर. "कागदावर तरी कावून? अर्धा कोयता म्हंजी रांडमुंड न्हाई तर टाकलेली. तुमी शिकल्याली मानसं, तुमच्या तोंडून असलं वंगाळ निगावं?"
मुकादम मागे उभा होता. त्याला हे आधीच ठाऊक होतं. माझ्या पाठीवर थाप मारून गेला.
कचरूला एकट्याला गाठून समजावलं. तो म्हणाला, "तिचं बरोबर हाय. डोकं गेलं तरी चालतंय, कुकू जाऊ नाई." मूर्ख आहेत दोघं. आणि मी तिसरा.

९ मार्च, बुध.
दुपार. म्हणजे हेल्मेट मुक्ताच्या डोक्यावर.
वरच्या परांचीवरून प्लेट सुटली. मी ओरडलो. मुक्ता खाली होती, कचरू मधल्या परांचीवर. मुक्तापासून हातभर लांब पडायची ती प्लेट आधी कचरूच्या डोक्याला लागली, मग खाली पडली. बेल्ट होता, म्हणून तो खाली आला नाही. वरच लोंबकळत राहिला, मान टाकलेल्या कोंबड्यासारखा. लोकांनी काढला तेव्हा श्वास चालू होता.
मुक्ताने डोक्यावरचं हेल्मेट काढलं आणि त्याच्या डोक्यावर बसवायला लागली. रक्ताने घसरत होतं. पुन्हा बसवायची. मुकादम म्हणाला, सगळ्यांसमोर म्हणाला: "आता कशाला घालतीस? नवऱ्याचं डोकं खाऊन बसलीस."
मी त्याची गचांडी धरली. आठ बोटांची पकड ती किती. लोकांनी सोडवलं.
जीपमधून बीडला नेलं.

१० मार्च, गुरु.
जिवंत आहे. ओळखत कोणालाच नाही. मुक्ताने ते हेल्मेट धुऊन उशाशी ठेवलंय. नर्स दोनदा ओरडली, तिने हलवलं नाही. "उठले की मागतील."
देशमाने साहेबांचा फोन. चौकशीला कोणी आलं तर एवढंच सांगायचं: कामगाराला हेल्मेट दिलं होतं, त्याने घातलं नव्हतं. शब्द न् शब्द खरा. 
पुढचं सांगावं, की ते बायकोच्या डोक्यावर होतं, तर गाव तिलाच खाईल. न सांगावं तर कचरू निष्काळजी ठरतो. कुठूनही बोला, दोष त्या एका कोयत्याचाच.

१४ मार्च, सोम.
मुक्ता परत आली. कचरूजवळ तिची सासू बसलीय. औषधं बाहेरून आणायची, म्हणून हिला काम हवं. मुकादम म्हणाला, "लई दया आली म्हनून ठिवतो तुला," आणि तिथल्या तिथे लिहिलं: मुक्ता, अर्धा कोयता. स्टोअरमधून नवं कोरं हेल्मेट आलं, तिच्या नावाचं. महिनाभर ज्याच्यासाठी नाक घासलं ते पाच मिनिटांत.
तिने हात लावला नाही.
"घे मुक्ता," मी म्हटलं. माझा आवाज मलाच भिकाऱ्यासारखा वाटला. "त्याच्यासाठी तरी घे."
"घेतलं की मी अर्धी झाले, सायेब. ते तिकडं श्वास घ्यायलेत अन् मी हिकडं हे डोक्यावर घालू?" परात उचलून उघड्या डोक्याने परांचीखाली गेली. मी दिवसभर वरच बघत होतो, कोणाच्या हातून काय सुटतंय.

१५ मार्च, मंगळ.
साहेबांचा नवा हुकूम: उद्यापासून बिनहेल्मेटचं माणूस फाटकाच्या आत दिसलं तर त्याला हाकला, नाहीतर मी आठबोटेला हाकलतो. फाटकावर उभा राहणार मी. अशी कडक शिस्त लावा म्हणून मीच वर्षभर बोंबलत होतो. लागली शिस्त.
संध्याकाळी मुक्ताला सांगायला गेलो. चुलीपुढे होती. ऐकून घेतलं. म्हणाली, "मी उद्या येनार. उघडीच येनार. तुमी काय करायचं ते तुमी बगा."
बीडची खबर विचारली. "हाय तसंच हाय," म्हणाली. "पर जिते हायेत."
नवं हेल्मेट स्टोअरमधून आणलंय. इथे टेबलावर आहे. उद्या ते फाटकावर नेणार. हातात धरून उभा राहणार. तिने घेतलं नाही तर...