खंडेनवमीचा नारळ

पिंपरी, दसरा

प्रिय सरू,

तिकडे सगळे बरे ना? आईचे गुडघे आता दुखत नसतील. आबांचा दमा? आणि तुझी कंबर? इथे मी ठणठणीत. विलासही बरा आहे, निदान कालपर्यंत होता.

सकाळी त्याने सोनं देऊन माझे पाय धरले आणि मला आशीर्वादच सुचेना. तुझ्या हार घातलेल्या फोटोकडेही बघवेना. म्हणून हे लिहितोय.

आपल्या विलासला कॉलेजात लेक्चररची नोकरी लागली गं! गेल्या आठवड्यात सांगत आला, "तात्या, फळ्यासमोर उभं राहिलं की मला भूकसुद्धा लागत नाही." मी काय म्हणालो असेन? "बरंच आहे. मास्तराच्या घरी तेवढाच आधार." तो हसला. मला वाटलं, विषय मिटला.

तुला ठाऊक आहे, पोरगा आमच्याच कंपनीत साहेब होऊन येणार, असं मी डिपार्टमेंटभर सांगत सुटलो होतो. मी बघून बघून ड्रॉइंग वाचायला शिकलेला माणूस. मिरवायला दुसरं होतं काय माझ्याकडे?

काल खंडेनवमी. घरच्यांना कंपनी दाखवायचा दिवस. ज्याचं मशीन त्यानेच नारळ फोडायचा, पण माझ्या लेथपुढचा नारळ मी विलासच्या हातात दिला आणि साहेबांना सर्वांदेखत म्हणालो, हा आता आपलाच. साहेब भला माणूस. म्हणाले, टेस्टिंग लॅबमध्ये जागा आहे, दसरा झाला की ये. मोशीचा किसन म्हणाला, "तात्या, आता आमी तुमच्या पोराला सलाम ठोकायचा व्हय?" सगळे हसले. मी सगळ्यांत जास्त.

विलासने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि साहेबांना "हो" म्हणाला.

परतताना बसमध्ये विचारलं, खूश ना? खिडकीबाहेर बघत म्हणाला, "तुमच्या माणसांत तुमची मान खाली घालायला लावू का, तात्या?"

मोठ्यांचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, हे तूच शिकवलंस ना त्याला? थोडं कमी शिकवायचंस. आणि मला थोडं जास्त.

लाज कशाची वाटते सांगू? त्याचा "हो" खरा नाही, हे मला तिथेच कळलं होतं. तरी मी खोबरं वाटत फिरलो.

उद्या पहिल्या शिफ्टला कार्ड पंच केलं की आधी साहेबांकडे जाईन. मग लेथजवळ उभा राहून किसनला, सगळ्यांना सांगेन, पोरगा शिकवायला चाललाय, घाई माझी होती. जिथे मिरवलो तिथेच मान खाली घालीन. हा तुला शब्द.

रागावली असशील तर तसं कळव, पण लवकर कळव. तुझी बोलणी खाल्ल्याला फार दिवस झाले.

तुझाच,
रघुनाथ