रोझेर बाकावर काय म्हणाली

बार्सिलोना, १४ मार्च

प्रिय फेलिऊ,

अर्जेंटिनाला गेल्यापासून तुझं दर नाताळला पत्र येतं. उत्तर मात्र नेहमी रोझेरच लिहायची, म्हणून माझं अक्षर पाहून दचकशील. तिला आता लिहिता येत नाही. दोन वर्षं झाली, आठवण पुसत चालली आहे. घरात कुणी परका माणूस शिरलाय असं समजून ती माझ्याकडे बघते, हातचं खात नाही.

रविवारी तिला ग्वेल बागेत नेलं. तिरक्या दगडी खांबांखालून जाताना तिने आपणहून माझा हात धरला. वर नागमोडी बाकावर बसलो. डागडुजीच्या कामावर असताना तिथल्या फुटक्या फरशांचे किती तुकडे तू आणि मी मिळून बसवले! आता तिकीट काढून आलेली माणसं त्यांवर रेलून फोटो काढतात. टोमॅटो चोळलेला पाव पुढे केला, तर तिने सगळा खाल्ला. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

मग तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. म्हणाली, "फेलिऊ, नार्सिसला सांगितलंस का रे?"

मी "नाही" म्हटलं.

"नको सांगूस. भला माणूस आहे, खचून जाईल. पण बोटीवर मला नेशील ना?"

तुला बंदरावर पोचवायला मी एकटाच आलो होतो. रोझेरला ताप होता, निदान तिने तसं सांगितलं होतं. तीन महिन्यांनी आमचं लग्न झालं. इतक्या वर्षांत असं मऊ बोलणं माझ्या वाट्याला कधी आलं नाही, फेलिऊ. ते ऐकायला मिळावं म्हणून मी उठलोसुद्धा नाही. ऊन उतरेपर्यंत तू होऊन बसून राहिलो.

तुझ्याशी भांडायला हे लिहीत नाही. भांडायचं बळ कुठून आणू? पण आता ती रोज तेच विचारते. नेईन म्हटलं, की कोट चढवून दाराशी बसते, हलत नाही. नेणार नाही म्हटलं, की दिवसभर रडते, घास घेत नाही. काहीही सांगितलं तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न. त्या वेळी तू तिला काय उत्तर दिलं होतंस? ते शब्द जसेच्या तसे लिहून पाठव. एकदा ते ऐकून ती गप्प झाली होती आणि नंतर जगली होती. मी तेच म्हणेन.

तुझाच,
नार्सिस
(या नावाने घरात आता मला कुणी हाक मारत नाही.)