जाळीतून वाटी

३ नोव्हेंबर

आज पुन्हा यजमान होते तेव्हाचे ते दिवस आठवले. नवे लग्न, सौंसरचे नवे बिऱ्हाड, आणि मागच्या अंगणातल्या सिमेंटच्या जाळीतून आलेली वाटी — गरम झुणका! वाटीमागे बांगड्यांचा हात. "घ्या न बाई. मी मालती, बाजूची." तेव्हापासून वाटी जाते-येते. रिकामी कधीच परतली नाही.

हाउसिंग बोर्डाची ही जुनी कॉलनी पाडायची की वारसा म्हणून ठेवायची, ते ठरवायला शुक्रवारी भोपाळहून चंचल मॅडम येणार. वारसा! आमची गोल छपराची बारा घरे!

५ नोव्हेंबर

कॉलनीचे लग्नघर झाले आहे. मालतीचा प्रफुल्ल ऑइल पेंटचे डबे घेऊन आला. पोपटी, गुलाबी. कोऱ्या सिमेंटच्या भिंती झाकून टाकल्या, पुढच्या जाळ्यांवर टाइल्स!

"पाहुणे पोरगी पाहायले येऊन राहिले, तिले काय अशीच बसवता?" मालती म्हणाली. "तुमचंच घर भुंडं दिसते, बाई."

मी नको म्हटले. मी शिकले त्या छिंदवाड्याच्या कॉन्व्हेंटमध्ये अशीच कोरी भिंत होती. दुपारी गाल टेकला की गार लागायची.

७ नोव्हेंबर

पोहेसुद्धा केले होते! चंचल मॅडम पोपटी भिंतीसमोर उभ्या राहिल्या.

"हे कधी केलं?"

"परवा!" प्रफुल्ल खुशीत. "तुमच्याचसाठी!"

मूळ सिमेंटचे, मूळ जाळ्यांचेच मोल होते म्हणे. रंग खरवडला तर वरचा थरही निघेल. म्हणजे आमच्या पाहुणचारानेच—! मालती पोह्यांची ताटली धरून तशीच उभी.

मग त्या माझ्या घरात आल्या. भिंतीवरून हात फिरवत राहिल्या.

१८ नोव्हेंबर

निकाल आला. अकरा घरे पाडणार. त्या लोकांना बोरगाव रस्त्यावर नव्या इमारतीत खोल्या. माझे एकटे घर नमुना म्हणून ठेवणार. मरेपर्यंत मी इथे राहू शकते. रंग न लावण्याच्या अटीवर.

जाळीपलीकडे मोकळे मैदान?

प्रफुल्ल म्हणाला, "बाई, तुमी तर पास झाल्या! आमी नापास." सगळे हसले. मालती हसली नाही.

१९ नोव्हेंबर

काल दिलेली वाटी परत आली. धुतलेली. रिकामी!

२२ नोव्हेंबर

पुढची भिंत गुलाबी झाली. ब्रश माझ्याच हातात होता. मालती ओरडली, "बाप्पा! काहून असं करून राहिल्या, बाई?" मी दुसरा हात मारला.

चंचल मॅडमना मीच फोन केला. आता अकरा नाही, बाराही पाडा, म्हटले. माझ्या जाळीचा एक चौकोन त्यांना द्यावा, नीट कापून.

पाटा-वरवंटा प्रफुल्लच्या बायकोला. कढीपत्त्याचे रोप ज्याला जगवता येईल त्याला. उरलेला रंग कोणालाही नको.

नव्या इमारतीत मालतीच्या बाजूची खोली मला.

वाटी मालतीला. भरून.