धुतलेली लाँच

मंगळवार, संध्याकाळ

चिडचिड होतेय, तीही स्वतःवरच. धरणापलीकडे सिमेंट-खत नेणाऱ्या लाँचमधून किती माल पाण्यात जातो, ते तपासायला गेले होते. येतेय म्हणून कालच फोन केला. कशाला केला?

लाँचवाले आबा खुशीत. "ताई, तुमी येनार म्हनून लय घासली. डेकवर सांडलेलं सिमिट, युरिया, सगळं पाण्यात लोटलं!"

काठाशी पाणी अजून राखाडी होतं. शेजारीच हंडा भरणाऱ्या मावशींना मी थांबवलं, तर हसल्या. "रोज हेच पितो की."

साहेब फोनवर म्हणाले, "डेक स्वच्छ ना? मग निरंक लिही."

त्या राखाडी पाण्याला फॉर्ममध्ये रकानाच नाही. शेवटी मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं: आजचा माल माझ्या भेटीमुळे धरणात गेला. खाली सही केली.