मंगळावर हिरवळ नसल्याचा अहवाल मार्गशीर्षापर्यंत थांबवणेबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी साहेब,
मंगळ निरीक्षण पथक,
मुक्काम डाक बंगला, तळेगाव दाभाडे, जिल्हा पुणे.

अर्जदार: आबाजी सखाराम शेटे, किराणा दुकानदार, तळेगाव दाभाडे.

विषय: मंगळ ग्रहावर हिरवळ नसल्याचा अहवाल माझ्या मुलीचे लग्न लागेपर्यंत न पाठवणेबाबत.

संदर्भ: आपले सहायक श्री. बरकत शेख यांचे शाळेच्या पटांगणातील भाषण, व नंतर त्यांनी माझ्या दुकानात केलेला प्रयोग.

महोदय,

१. आपल्या पथकास रॉकेल, चहापत्ती व पोहे माझ्याच दुकानातून जातात, त्यामुळे अर्जदार आपणांस तोंडओळखीचा आहे. आपण परग्रहावर जीवसृष्टी शोधावी, यास गावात कोणाचीही हरकत नव्हती. माझी हरकत ती न सापडण्यास आहे.

२. माझी कन्या चि. शालन हिच्या पत्रिकेत कडक मंगळ आहे. मुलगी मराठी सातवी पास असून हस्ताक्षर सुरेख आहे, स्वयंपाकात तरबेज आहे व कोणाच्या अध्यात-मध्यात नसते. तरीही आजवर आलेली स्थळे पत्रिका उघडताच उठली. चाकणच्या एका स्थळाने आधी पोहे संपवले, आणखी मागितले, ते संपवले व मग पत्रिका मागितली. सौ. कौशल्याबाई, म्हणजे माझे कुटुंब, त्या दिवसापासून चाकणचे नाव घेत नाही.

३. कासारवाडीचे श्री. उद्धवराव यांचे चिरंजीव ज्योतीराम हे पिंपरीच्या पेनिसिलीनच्या कारखान्यात नोकरीस आहेत. तेही स्थळ मंगळावरच अडले होते. परंतु उद्धवराव नकार देण्यास म्हणून आमच्याकडे आले, नेमके त्याच दिवशी श्री. बरकत यांचे भाषण होते. मंगळावरील काळपट डाग ऋतूप्रमाणे हिरवट होतात, आणि तेथे दगडफुलासारखी काटक वनस्पती असू शकेल, असे ते उद्धवरावांसह सर्व गावासमक्ष बोलले. मी धावत दुकानात गेलो व मूठभर दगडफूल आणून उद्धवरावांच्या हाती दिले. त्यांनी ते हुंगले, बोटांनी चुरगळले आणि ते म्हणाले, "आमच्या पोराच्या कारखान्यात बुरशीपासनं औशिद करत्यात, मरनारी मानसं उठून बसत्यात. आन् मंगळावर ह्ये मसाल्याचं उगवत आसंल, तर त्यो कुनाला मारनार? आमची ना न्हाई." त्याच संध्याकाळी सुपारी फुटली. मी आयुष्यात प्रथमच शास्त्राला मनापासून नमस्कार केला.

४. त्यानंतर उद्धवरावांच्या थोरल्या भगिनींनी, मंगळावर जे कोणी राहतात ते कोणत्या जातीचे, अशी पृच्छा केली. तेथे केवळ वनस्पती असल्याने हा प्रश्न उद्भवत नाही, असे मी कळवले. ती वनस्पती कांदा-लसूण वर्गातील नाही ना, असेही त्यांनी विचारले. तेही निभावले. येथवर सर्व सुरळीत होते.

५. परंतु गेल्या बाजारच्या दिवशी श्री. बरकत यांनी माझ्या दुकानात येऊन लाल तिखटाच्या ढिगाशेजारी चुलीतील राख ठेवली व ती कशी दिसते, असे विचारले. राख हिरवट दिसत होती. मंगळाची हिरवळही अशीच असावी, लाल जमिनीशेजारी करडा डाग हिरवा भासतो, आणि मोठे साहेब, म्हणजे आपण, बहुधा तसेच लिहिणार आहेत, असे ते हसत हसत सांगून गेले. साहेब, दुकान माझे, तिखट माझे, राख माझ्या चुलीतली, आणि त्यातून मोडणार माझ्याच मुलीचे लग्न. त्या वेळी दुकानात गिऱ्हाईक होते. गिऱ्हाईक कासारवाडीचे होते.

६. दुसऱ्याच दिवशी उद्धवरावांचा निरोप आला की मांडव घालू नये, सरकारी कागद येऊ द्यावा. मी समक्ष जाऊन हातापाया पडलो. ते म्हणाले, "आबाजी, तुमच्यावर इस्वास हाय, पन मंगळावर न्हाई." ज्योतीराम शेजारीच उभे होते. ते जमिनीकडे पाहत होते.

७. सबब विनंती की, अहवाल मार्गशीर्षातील मुहूर्त पार पडेपर्यंत थांबवावा. मंगळ कोठे जात नाही, माझी मुलगी मात्र चोविसावे वर्ष ओलांडत आहे. थांबवणे नियमात बसत नसल्यास "हिरवळ नाही" असे न लिहिता "अद्याप दृष्टीस पडली नाही" असे लिहावे. माझ्या दुकानातही पुष्कळ जिन्नस दृष्टीस पडत नाहीत, पण असतात. तेही शक्य नसल्यास अगदी चिमूटभर हिरवळ, निदान खडकाच्या सावलीच्या बाजूस, मान्य करावी. आणि वनस्पतीचे अजिबातच जमत नसेल, तर थोडी बुरशी तरी लिहावी. बुरशीबद्दल वरपक्षास विशेष आदर आहे.

८. दुर्बिणीच्या काचेवर धूळ बसली असण्याचा संभव नाकारता येत नाही. मुंबई रस्त्यावरून मालमोटारी जातात तेव्हा माझ्या दुकानातील साखरही लाल होते. करिता काच पुसण्यास मऊ फडके सोबत दिले आहे. दगडफूल कोरडे असता मेल्यासारखे दिसते व पाण्यात टाकताच फुलून येते, याकडेही लक्ष वेधतो. मंगळ आपण नेहमी कोरडाच पाहता. त्याला एकदा पाणी मिळाल्यावर पाहण्याची संधी द्यावी. ती कशी द्यावी, हे आपले शास्त्र जाणे.

९. साहेब, मी खोटे लिहा म्हणत नाही. मी लहान दुकानदार आहे, पण आजवर मापात मारलेले नाही. मला एवढेच वाटते की इतक्या लांबच्या ग्रहाने माझ्या मुलीचे काय पाहिले आहे? तिला कोणी नीट पाहिले नाही. सगळे पत्रिका पाहून गेले. रात्री ती भांडी घासते तेव्हा मला तिच्याशी बोलायला तोंड राहत नाही. आपल्याला मुलगी असल्यास मी काय म्हणतो ते कळेल, नसल्यास माझ्या शब्दावर विसंबावे.

आपला उपकाराच्या आशेवर असलेला,
आबाजी सखाराम शेटे

तळेगाव दाभाडे,
दिनांक २१ नोव्हेंबर १९५६

सोबत: दगडफुलाची पुडी एक. पत्रिकेची खरी नक्कल. जुन्या धोतराचे धुतलेले फडके.

हस्ताक्षर: कु. शालन आबाजी शेटे.

लेखिकेची स्वतंत्र विनंती: महोदय, वरील सर्व मजकूर वडिलांनी सांगितला तसाच उतरवला आहे. हे खालचे त्यांना वाचून दाखवलेले नाही. पाहण्याच्या दिवशी ज्योतीराम मला ओसरीवर हळूच म्हणाले की, त्यांचा मंगळाबिंगळावर विश्वास नाही. हे ते अजून त्यांच्या वडिलांना म्हणालेले नाहीत. तरी मंगळावर काही नसेल तर आपण तसे स्पष्ट लिहावे आणि कागद लवकर पाठवावा. तो आल्यावर ज्योतीराम त्यांच्या वडिलांपुढे तोंड उघडतात की नाही, हे मला लग्नाआधी पाहायचे आहे.