चुका तुझ्या आवाजात

शुक्रवार, १२ मार्च

प्रिय बडबडे,

खोकला थांबला का? औषध पूर्ण घेतलंस, की बरं वाटताच बाटली कपाटात सारलीस? शाळेत सिस्टर सांगायच्या ना, पत्रात आधी समोरच्याची चौकशी करावी, मग आपलं रडगाणं गावं. म्हणून हे आधी.

माझा गुडघा बरा आहे. ह्यांनी गॅलरीत झाडं इतकी माजवली आहेत की कपडे वाळत घालायला वाकून जावं लागतं. नातवाचे पुढचे दात पडले, त्यामुळे साहेब व्हिडिओ कॉलवर तोंड मिटून हसतात.

उत्तराला उशीर झाला. गुडघ्याचं कारण देणार होते, पण तू ओळखशील.

ऑफिसातल्या नवीचं काम तू मला तपासायला पाठवलंस. मी निवृत्त झाल्यावर ती माझ्या खुर्चीवर आली, इथवर मला मान्य होतं. सोबत तू लिहिलंस, "घुमे, दिव्यांची जुनी भाषा तुझी. तू हो म्हणालीस तरच ती काढून हिची बसवायची, असं साहेबांना सांगितलंय. तुझा शब्द शेवटचा." केवढा मान दिलास, आणि केवढी पंचाईत केलीस!

ती भाषा माझी कुठे गं, आपली होती. नाट्यगृहाची प्रकाशयोजना करणारा तो म्हातारा टेबलावर हात आपटून म्हणाला होता, "मला तुमचे कॉम्प्युटरचे मंत्र नकोत. मी 'खिडकी उजळ', 'पहाट हळू' असं लिहिणार. यंत्राला कळलं तर ठीक, नाहीतर मी आणि माझे खटके बरे." मग आपण आपल्या प्रोग्रामिंगच्या मोठ्या भाषेच्या पोटात त्याची छोटी भाषा घातली. प्रोग्राम अजून कंपाइल होतोय, यंत्राला कळेल असा घडतोय, एकही दिवा लागलेला नाही, आणि तेवढ्यातच आपला कोड चालून त्याच्या ओळी वाचतोय, तपासतोय, त्यांचा खरा प्रोग्राम बनवतोय. एखादा दिवा विझवायचा राहिला की काम तिथेच अडायचं. प्रेक्षक येण्याआधी चूक हातात. म्हातारा म्हणाला, "पोरींनो, ही काय जादू?" तू म्हणालीस, "जादू कसली हो, हिचा संशयी स्वभाव आहे."

तो स्वभाव मी नवीवर पुरेपूर वापरला.

खरं सांगू? त्या दिवशी तुझा फोन आला तेव्हा मागून तिचा आवाज आला. "ए, चहा गार होतोय तुझा!" आणि तू म्हणालीस, "आले गं, आले." ए! मला तुला 'ए' म्हणायचा हक्क पहिल्या बाकापासूनचा आहे. हिला तो नोकरीच्या पत्रासोबत मिळाला की काय?

तेव्हा मी तिच्या कामात खोट शोधायला बसले. जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर, डोळ्यांवर दोन चष्मे. हे म्हणाले, "अगं, काम तपासतेयस की सवत?" मी हसले, आणि उठून आतल्या खोलीत जाऊन बसले.

मुद्दाम चुका लिहू लागले. स्वयंपाकघराचा दिवा लावला, विझवला नाही. आपल्या भाषेत अशा वेळी पानभर अगम्य मजकूर यायचा आणि म्हातारा फोनवर माझ्या नावाने शंख करायचा. इथे एकच ओळ आली: "अगं, स्वयंपाकघराचा दिवा लावलास, आता विझवणार कोण?"

पुढची चूक केली. एकाच दिव्याला एकाच वेळी उजळ आणि मंद व्हायला सांगितलं. "आधी काय हवंय ते ठरव, मग माझ्याकडे ये."

हे त्या पोरीचं बोलणं नाही. हे तुझं. शेजारच्या खुर्चीतून, माझ्या पडद्यात डोकावून, बिस्किटाचे कण माझ्या कीबोर्डवर सांडत तू हेच म्हणायचीस. मी आणखी चुका करत गेले, बडबडे. त्यातल्या बऱ्याचशा तपासणीसाठी नव्हत्या. तुला ऐकत होते.

मग राग आला. तुम्ही दोघींनी बसून लिहिलं असणार हे. तू बोलत असशील, ती टाइप करत असेल, आणि दोघी खिदळत असाल. भाषा गेली तर गेली, जुनी झाली होती. ते खिदळणं मात्र माझं होतं गं.

नापास करायला एक भोक हवं होतं. सापडलं. नट रंगमंचावर येईपर्यंत दिव्यांना 'थांब' सांगतात ना? मी कोणासाठी ते न लिहिता नुसतंच 'थांब' लिहिलं. तिच्या कोडने ते निमूट मान्य केलं! प्रयोगात त्या ओळीनंतर एकही दिवा लागला नसता. मी ओरडले, "सापडली!" बाहेरून हे म्हणाले, "बिचारी."

खात्री करावी म्हणून आपल्या जुन्या भाषेत तीच ओळ लिहिली. तिनेही मुकाट्याने मान्य केली. इतकी वर्षं भोक तिथेच होतं, आणि आपल्या दोघींपैकी कोणालाच दिसलं नाही.

मग उठून खिडकी उघडली. समोरच्या इमारतीत एक बाई चादर झटकत होती.

तर माझा शब्द असा: आपली काढ, हिची बसव. हिची चांगली आहे. एवढं लिहायला मला पंधरवडा लागला, तेव्हा पुन्हा विचारू नकोस.

भोक मी बुजवलंय, कोड पाठवते आहे. त्या चुकीला जी ओळ येईल ती माझ्या शब्दांत लिहिली आहे: "कोणाची वाट पाहायची ते सांग, नाहीतर मी जन्मभर अंधारात बसेन." बाकी सगळं बदललं तरी चालेल, एवढी ओळ तशीच राहू दे म्हणावं. आणि कधी ती पडद्यावर आली, तर तू स्वतः वाच.

नवीला आशीर्वाद सांग. अजून पुरते मनापासून नाहीत, तरी सांग.

तिच्या आधीपासून तुझी,
घुमी