सातव्या पडद्याचा आवाज

पडेगाव, औरंगाबाद
१४ ऑक्टोबर १९८९

ती. गं. भा. राजाबाई वहिनींस,
बद्रीनाथचा सा. न. वि. वि.

तुम्ही पाठवलेल्या लाकडाचं शेवटी काय झालं आणि किती खर्च आला, असं विचारलंत. खरा हिशेब सांगतो. लाकूड तुमच्या कृपेनं फुकट. चार जाड तारा मुंबईहून, तीनशे दहा रुपये. लोहचुंबक सायकलच्या मोडक्या डायनॅमोतले. पण केसाएवढी तांब्याची तार चौदा हजार वेढे गुंडाळायला आशाबाईचं शिलाई मशीन तीन आठवडे अडकवलं, आणि तिनं एकवीस दिवस अबोला धरला. सगळ्यात महाग पडलं ते हेच.

त्या लाकडाचं वाद्य केलं, बेस गिटार. चित्र काढलं असतं, पण माझं चित्र बघून तुम्ही नावेचं वल्हं समजाल. चार तारांचं, वीज जोडून वाजवायचं. ऑर्केस्ट्रात सगळे गाणाऱ्याकडं बघतात, याच्याकडं कुणी बघत नाही. पण हे थांबलं की गाणं अधांतरी होतं. तीन वर्षांपूर्वी ऑर्केस्ट्रातला रामकिसन आपलं मुकं झालेलं बेस घेऊन माझ्या दुकानात आला. उघडून बघतो तर आतली तारेची गुंडाळी तुटलेली. पाण्याच्या मोटारी भरून देणाऱ्याला ते काय अवघड? भरून दिली. त्यानं तार छेडली आणि माझ्या पोटात जे हललं ते अजून थांबलं नाही. तेव्हापासून लोकांची पाच दुरुस्त केली, दोन स्वतः बांधली. हे तिसरं. आशाबाई म्हणते की या वयात लोकांना नातवंडांचा नाद लागतो, यांना फळकुटांचा.

आता खरी गंमत. मी तुम्हाला नुसतं एवढंच कळवलं होतं की गोठ्यात जुनं वाळकं लाकूड असलं तर कांद्याच्या टेम्पोत टाका. कुठलं ते तुम्ही लिहिलं नाही. पण वहिनी, माझ्यापासून लपतं होय? खाली उतरवून एक टिचकी मारली आणि ओळखलं. आपल्या विहिरीवरचा खांब! सूर्यभानदादाच्या मोटेचं चाक ज्याच्या खोबणीत फिरायचं, तोच. मोटार न उघडता तिचं कुठलं बेअरिंग गेलंय ते मी रस्त्यावरून सांगतो, ही गोष्ट अर्ध्या औरंगाबादला ठाऊक आहे. मग ज्या खांबाखाली वाढलो त्याचा आवाज विसरेन? हा कान आजवर फसलेला नाही.

चि. कारभारीला आशीर्वाद. लोभाची तार सैल पडू देऊ नये, ही विनंती.

आपला,
बद्रीनाथ


मळा, वैजापूर
६ नोव्हेंबर १९८९

चि. बद्रीनाथ भाऊजींस,
राजाबाईचे अ. उ. आ.

तुमचं पत्र कारभारी वाचून दाखवणार होता, मी त्याच्या हातातून घेतलं. माझ्या पोटच्या पोरानं मला वाचून दाखवायचं, तर मी प्रौढ वर्गात चार महिने पाटी कशाला घासली? अक्षर वाकडंतिकडं हाय, चालवून घ्या.

लाकडाचं लिहिलं ते मी दोनदा वाचलं. भाऊजी, तेहतीस वर्षांत तुमच्या पत्रात ह्यांचं नाव पहिल्यांदा आलं. खांबाची खोबण फाटली, चाक निसटलं, आणि चाकाबरोबर हे विहिरीत गेले, त्याला तेहतीस वर्षं झाली. तेरावा झाला आणि तुम्ही औरंगाबाद गाठलं. तुमच्या हातात गुण होता, देवानं यश दिलं, लई चांगलं झालं. पण मळ्यात पुन्हा पाय नाय ठेवला. मोटार पाठवली, पाइप पाठवले, कारभारीच्या कॉलेजची फी भरली. तुम्ही तेवढे नाय आलात. यंदाच्या दिवाळीलाही ताट वाढून ठेवलं होतं.

संक्रांत झाली की कारभारी विहिरीचा जुना काठ पाडून सिमेंटचा बांधणार हाय. त्याच्या आधी एकदा या. मग ती जागा ओळखू येणार नाय.

तुमचं ते वाद्य वाजतं कसं ते लिहा. बैल बुजण्यासारखं असलं तर सोबत आणू नका.

आशाबाईला म्हणावं, मी तिच्या बाजूची हाय. माया हाय तशी राहू द्या.

राजाबाई


पडेगाव, औरंगाबाद
९ डिसेंबर १९८९

ती. वहिनींस,
बद्रीनाथचा सा. न.

वाद्य वाजतं कसं, विचारलंत. ते लिहायला मला महिना लागला.

याच्या गळ्यावर पितळी पट्ट्या असतात, त्यांना पडदे म्हणतात. तार पडद्याशी दाबायची आणि छेडायची. सगळ्यात जाड तार सातव्या पडद्याशी दाबली की सूर घागरीसारखा भरत येतो आणि मध्येच मरतो. मेल्यावर त्याच्या मागून येतं कर्रर्र... आणि जरा थांबून टक्.

आधी वाटलं, माझीच चूक. मोटारवाल्याच्या सवयीनं मी दोन्ही गुंडाळ्या एकाच दिशेनं भरल्या होत्या, त्यामुळं सारखं घुंऽऽ व्हायचं. एक उलटी भरली, तिचे लोहचुंबक उलटे बसवले, घुं गेलं. कर्रर्र राहिलं. पडदे काढून नवे ठोकले. गळ्याचे स्क्रू बदलले. वीज काढून नुसतं पोटाशी धरून वाजवलं. तरी आहेच. रामकिसननं वाजवून पाहिलं. असे मरके पडदे बऱ्याच बेसमध्ये निघतात म्हणाला, पण पुढचं काही त्याला ऐकू येईना. काकांचे कान मोटारी ऐकून ऐकून तापलेत, असं आशाबाईला सांगून गेला. तिनंही लाकडाला कान लावला आणि निकाल दिला की माझंच पोट गुरगुरतंय.

परवा भर दुपारी वीज गेलेली. वाद्य भिंतीवर टांगलेलं, तारा उतरवून ठेवलेल्या. मी जेवत होतो. कर्रर्र... टक्. घास हातातच राहिला. आशाबाई समोर भाकरी मोडत होती, तिनं मानही वर केली नाही. त्या दिवशी मी वाद्यावर चादर टाकली. आता चादरीखालून येतं.

वहिनी, हा आवाज मी ओळखतो. दादा गेला त्या आठवड्यात सोमवारी मी नाड्यावर, मोटेच्या दोरावर बसून बैल हाकत होतो. भरलेली मोट वर आली की खांबातून कर्रर्र, आणि रिकामी झाली की टक्. पंधरा वर्षांचा होतो, पण कान तेव्हाही हेच. खोबण फाटत चाललीय हे मला कळलं. दादाला सांगणार होतो. पण बुधवारी वैजापुरात रेडिओच्या दुकानापुढं दिवसभर उभा राहिलो, म्हणून दादानं घरी आल्यावर कानाखाली ठेवून दिली. चाकाला वंगण घालायचं काम माझं, माझ्या आवडीचं. तेही काढून घेतलं. वंगणाचा डबा हातातून हिसकला आणि बजावलं की आजपासून चाकाजवळ फिरकायचं नाही, नाड्यावरनं हलायचं नाही. मी मनात म्हटलं, पडू दे खांब, म्हणजे कळेल याला. हेच म्हटलं. गुरुवारी सकाळी दादा वाकून वंगण घालत होता, आणि मी लांब बैलांपाशी उभा होतो.

हे आशाबाईलासुद्धा माहीत नाही. तुम्हाला मोटार पाठवली, पाइप पाठवले, ते कशासाठी, हे आता तुम्हाला कळलं. वाद्य फोडू, जाळू, की त्याच विहिरीत सोडू? तुम्ही म्हणाल ते करतो. आणि हे वाचल्यावरही मी मळ्यात यावं असं वाटतं का, तेवढं कळवा. नको वाटलं तर पत्र नाही आलं तरी समजेन.

लोभ मागायला तोंड नाही.

बद्रीनाथ


मळा, वैजापूर
१८ डिसेंबर १९८९

चि. बद्रीनाथ भाऊजींस,
राजाबाईचे लई आशीर्वाद.

पत्र विहिरीच्या काठावर बसून वाचलं. चार ओळी वाचायच्या, थांबायचं, असं करत ऊन उतरलं. कारभारी दोनदा विचारून गेला की आईला झालंय काय.

भाऊजी, तो आवाज तुम्ही एकट्यानंच ऐकला असं वाटतंय व्हय तुम्हाला? अहो, मी चुलीपाशी बसून ऐकत होते. शेजारचा कडूबा औत सोडून विचारायला आला होता की सूर्यभान, खांब बदलायचा कधी? ह्यांनी त्याला सांगितलं की एवढी मिरची भिजू दे, पुढच्या सोमवारी बदलू. ह्यांना ठाऊक होतं. सगळ्या मळ्याला ठाऊक होतं.

आणि बुधवारचं. त्या दिवशी हे जेवायला बसले ते घास गिळंना. मला म्हणाले की बद्रीला मारलं, पण मारल्याबिगर ते पोरगं चाकापासून हटत नाय. म्हणाले, खांबाचा भरवसा राहिला नाय, म्हणून त्याला नाड्यावर बसवलंय, डबा माझ्यापाशी ठेवलाय. रेडिओचं निमित्त झालं. तुम्ही रागानं गोठ्यात जाऊन निजला होता, तुमची भाकर मी झाकून ठेवली होती.

मला वाटायचं, हे तुम्हाला कळलं असंल. तुम्ही मळ्याचं तोंड बघत नाय ते माझ्यावरच्या रागानं, असंच मी धरून चालले. खोबण फाटलेली बायकोला ऐकू येत होती, मग तिनं नवऱ्याचा हात का नाय धरला, असं तुमच्या मनात असणार. तेहतीस वर्षं मी तुमच्या पत्रात तेच हुडकत होते.

वाद्य फोडू नका, जाळू नका. घेऊन या. सातव्या पडद्यावर बोट ठेवून मला ऐकवा. मला ऐकू आलं तर आपण दोघं मिळून ऐकू, नाय आलं तर तुम्ही ते इथंच ठेवून जा. बैल बुजू द्या बुजले तर. आशाबाईलाही आणा, मशीनच्या भरपाईचे तिळाचे लाडू करून ठेवते.

संक्रांतीच्या आधी वाट बघते. या खेपेला मोटार पाठवू नका.

तुमची,
राजाबाई

ता. क. लाकडाचं आता सांगते. तुम्ही एवढ्या खात्रीनं लिहिलं आणि त्याच ओळीत ह्यांचं नाव लिहिलं, म्हणून मी गप राहिले. तुमच्याकडं हाय ते साग. वैजापूरची कापसाची जुनी जिनिंग पाडली तेव्हा कारभारीनं लिलावात घेतलेल्या तुळईचा तो तुकडा. मोटेचे दोन्ही खांब मी बहात्तरच्या दुष्काळात चुलीत घातले. ते बाभळीचे होते.